मैदान सर्वांचे

(अपघात, आजार किंवा युद्ध यांमुळे हात-पाय गमावलेल्या व्यक्तीही उत्तम खेळाडू होऊ शकतात. त्यांना मैदानावर आणण्यासाठी पुण्यात आणि इतरत्र कोणते प्रयत्न झाले, आणि अशा व्यक्तींना खरी मदत कोणती, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

शनिवारी शेवटचा तास खेळाचा असे. घंटा झाली की मुले मैदानाकडे धाव घेत. त्यांच्यामागून एक मुलगा कुबड्यांच्या आधाराने सावकाश येई. लहानपणी झालेल्या अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. तो मैदानाशी पोहोचला की मी त्याला म्हणत असे, "तू बस बेटा. सगळ्यांच्या दप्तरांवर लक्ष ठेव." तो लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसे. आपण त्याची काळजी घेत आहोत, असे मला वाटे.

एकदा मी वर्गाला 'माझा आवडता खेळ' हा निबंध लिहायला दिला. कोणी क्रिकेटवर लिहिले, कोणी कबड्डीवर. या मुलाने फक्त तीन वाक्ये लिहिली होती. "माझा आवडता खेळ क्रिकेट आहे. मी तो पाहतो. दप्तरे कोणी चोरत नाही, तरी मी ती राखतो." व्याकरणाची चूक एकही नव्हती. तरी वही परत देताना मला फार संकोच वाटला.

त्या दिवसापासून मी या विषयाची माहिती जमवू लागलो. ज्याला पाय नाही तो धावू शकतो का? ज्याला उभे राहता येत नाही तो गोळा फेकू शकतो का? या प्रश्नांची उत्तरे शोधायला फार दूर जावे लागले नाही. त्यांपैकी बरीचशी आपल्याच पुणे शहरात, खडकी आणि वानवडी या भागांत मिळाली. तीच आज तुम्हांला सांगायची आहेत.

दोन भाषा, दोन शब्द

प्रथम एका शब्दाचा विचार करू. ज्याच्या शरीरात काही उणीव आहे त्याला मराठीत पूर्वीपासून 'अपंग' म्हणतात. अलीकडे सरकारी कामकाजात 'दिव्यांग' हा शब्द वापरला जातो. तुमच्या घरी उर्दूत त्याच अर्थाने 'माजूर' हा शब्द वापरतात. माजूर हा शब्द 'उज्र' या शब्दापासून झाला आहे. उज्र म्हणजे सबब. ज्याची सबब मान्य झाली, ज्याला कामातून सूट मिळाली, तो माजूर.

सूट देणे ही चांगलीच गोष्ट आहे. आजारी माणसाला कष्टाच्या कामातून सूट मिळालीच पाहिजे. परंतु ज्याने सूट मागितलेलीच नाही, त्याला ती आपण होऊन दिली तर काय होते? तर तो झाडाखाली बसतो आणि दप्तरे राखतो. खेळ हा काही ओझे वाहण्यासारखा कष्टाचा भाग नाही. खेळ हा आनंद आहे. आनंदातून सूट कोणाला हवी असते?

इस्पितळातून मैदानावर

अपंगांनी खेळावे ही कल्पना कोठून आली? त्यासाठी आपल्याला १९४४ सालाकडे जावे लागेल. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. तोफगोळे आणि सुरुंग यांमुळे हजारो सैनिक जखमी होत होते. कोणाचे पाय जात, कोणाचा हात जाई, तर कोणाच्या पाठीच्या कण्याला इजा होई. कण्यातून मज्जारज्जू जातो. मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत त्याच्यामार्फतच पोहोचतो. मज्जारज्जू कमरेजवळ तुटला की पाय असूनही ते हलत नाहीत. त्या काळी असे रुग्ण फार दिवस जगत नसत. एकाच कुशीवर पडून राहिल्यामुळे त्यांच्या अंगाला जखमा होत, मूत्रमार्गाचे विकार होत आणि त्यातच त्यांचा अंत होई.

इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल नावाच्या गावी एक इस्पितळ आहे. तेथे १९४४ च्या फेब्रुवारीत डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. ते मूळचे जर्मनीतील ज्यू डॉक्टर. हिटलरच्या छळामुळे १९३९ मध्ये ते इंग्लंडला आले होते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली गोष्ट साधी होती. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. दुसरी गोष्ट मात्र लोकांना विचित्र वाटली. त्यांनी रुग्णांच्या हातात चेंडू आणि धनुष्यबाण दिले. खेळामुळे दंड, छाती आणि पाठ यांना बळकटी येते, रक्ताभिसरण सुधारते आणि मुख्य म्हणजे मनाला उभारी येते, हे त्यांनी ओळखले होते.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक स्पर्धांचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या १६ खेळाडूंची तिरंदाजीची स्पर्धा झाली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. याच छोट्या स्पर्धेतून पुढे १९६० मध्ये रोम येथे मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. तिला आज आपण पॅरालिंपिक म्हणतो. यातील 'पॅरा' या शब्दाचा अर्थ 'शेजारी' किंवा 'बरोबरीने' असा आहे. ऑलिंपिकच्या बरोबरीने भरणारी ती पॅरालिंपिक.

आता १९४४ सालाच्या आणखी दोन गोष्टी सांगतो. त्याच वर्षी पुण्यात सैन्यदलाचे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव मुरलीकांत पेटकर.

सदतीस सेकंदांची शर्यत

मुरलीकांत पेटकर यांना लहानपणापासून कुस्तीची आवड होती. पुढे ते सैन्यात भरती झाले आणि मुष्टियोद्धा म्हणून नाव मिळवू लागले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. त्यांचा कमरेखालचा भाग लुळा पडला. एक गोळी त्यांच्या कण्यात तशीच राहिली. ज्या माणसाचे सारे आयुष्य कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांत गेले, त्याला पुन्हा पायांवर उभे राहता येणार नव्हते.

मुंबईच्या नौदलाच्या इस्पितळात त्यांच्यावर उपचार झाले. उपचाराचा एक भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. याचे कारण समजण्यासारखे आहे. जमिनीवर आपल्या शरीराचे सगळे वजन पायांवर येते. पाण्यात मात्र पाणीच वजन तोलून धरते. म्हणून जमिनीवर जो हलू शकत नाही तो पाण्यात हालचाल करू शकतो. पेटकरांच्या बाबतीत हा उपचारच पुढे त्यांचा खेळ झाला.

१९६८ मध्ये तेल अवीव येथे भरलेल्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. त्यानंतर १९७२ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीच्या जलतरणात भाग घेतला. पाय साथ देत नसल्यामुळे ते मागे ओढले जातात. केवळ दंडांच्या बळावर पाणी कापायचे असते. पेटकरांनी हे अंतर ३७.३३ सेकंदांत पार केले. तो जागतिक विक्रम होता. त्यांना सुवर्णपदक मिळाले. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले हे पहिले सुवर्णपदक. ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळाडूला पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळाले ते २००८ मध्ये, नेमबाज अभिनव बिंद्रा यांना. म्हणजे पेटकरांच्या पदकानंतर तब्बल ३६ वर्षांनी.

मुलांनो, या शर्यतीमागची एक गोष्ट तुम्ही लक्षात ठेवावी असे मला वाटते. जर्मनीला जायचे तर विमानाचे तिकीट हवे. ते आणायचे कोठून? त्या वेळी विजय मर्चंट मदतीला आले. ते भारताचे नामवंत फलंदाज होते. खेळातून निवृत्त झाल्यावर ते अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेची धुरा वाहत होते. त्यांच्या संस्थेने खेळाडूंच्या प्रवासखर्चाचा भार उचलला. एका खेळाडूने दुसऱ्या खेळाडूला केलेली ही मदत होती. तिच्यात कीव नव्हती. तिकिटाचे पैसे संस्थेने दिले, पण तलावात पोहायचे होते ते पेटकरांनाच.

पुढे टाटांकडून जखमी जवानांना आर्थिक मदत देऊ करण्यात आली, तेव्हा पेटकरांनी मदत नाकारून काम मागितले. पुण्याच्या टेल्को कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली आणि तेथे त्यांनी अनेक वर्षे काम केले. 'खैरात' हा शब्द उर्दूत आहे, तसा मराठीतही आहे. पेटकरांना खैरात नको होती. त्यांना संधी हवी होती.

देशाने मात्र त्यांची दखल घ्यायला फार उशीर केला. १९७२ च्या पदकानंतर ४६ वर्षांनी, २०१८ मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली. खेळातील कामगिरीसाठीचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती आला तो जानेवारी २०२५ मध्ये. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली होती.

पुण्यातील तीन संस्था

पेटकर एकटे नव्हते. त्यांच्यासारख्या जवानांसाठी काम करणाऱ्या तीन जुन्या संस्था पुण्यात आहेत.

पहिली संस्था खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी १९१७ मध्ये ती मुंबईत सुरू झाली आणि काही वर्षांनी खडकीला आली. येथे अपंग जवानांना नवा व्यवसाय शिकवतात. हात किंवा पाय गेला तरी रोजी कमावता आली पाहिजे, हा तिचा उद्देश.

दुसरी संस्था वानवडी परिसरातील कृत्रिम अवयव केंद्र. तिचा उल्लेख वर आलाच आहे. पाय कापलेला जवान येथे येतो आणि कृत्रिम पायावर चालत बाहेर पडतो. सैनिकांप्रमाणे सामान्य नागरिकांनाही या केंद्राचा लाभ झाला आहे.

तिसरी संस्था खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. ते १९७४ मध्ये सुरू झाले. कण्याला इजा झाल्याने ज्यांचे पाय किंवा हातपाय लुळे पडले आहेत असे जवान येथे राहतात. या केंद्राच्या कार्याला नागरिकांच्या देणग्यांचाही हातभार लागतो. येथील काही जवान तोंडात कुंचला धरून सुंदर चित्रे काढतात. चाकांच्या खुर्चीत बसून खेळले जाणारे खेळ हा येथील जीवनाचा महत्त्वाचा भाग आहे. डॉ. गुटमन यांनी जे सांगितले होते तेच येथे रोज अनुभवाला येते. खेळणारा माणूस अंथरुणाला खिळून राहत नाही.

कृत्रिम पाय कसा बनतो?

आता थोडी शास्त्रीय माहिती घेऊ. शस्त्रक्रियेनंतर पायाचा जो भाग उरतो, त्याची जखम प्रथम पूर्ण भरून यावी लागते. मग प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळून त्या भागाचा साचा घेतात. साच्यावरून एक खोल वाटीसारखे खोळ तयार करतात. पायाचा उरलेला भाग या खोळीत बसतो. सगळे कौशल्य या खोळीत असते. ती सैल झाली तर पाय निसटतो. घट्ट झाली तर कातडी सोलवटते. खोळीच्या खाली नळी आणि नळीच्या खाली पाऊल जोडतात. गुडघ्याच्या वरून पाय कापलेला असेल तर मध्ये कृत्रिम गुडघाही बसवावा लागतो. म्हणून गुडघा शाबूत असलेल्या माणसाला चालणे पुष्कळ सोपे जाते.

पाय बसवला म्हणजे काम संपले असे नाही. दोन समांतर दांड्यांना धरून, पडत-धडपडत, मूल चालायला शिकते तसे पुन्हा शिकावे लागते.

परदेशी बनावटीचे कृत्रिम पाय बूट घालून चालण्यासाठी केलेले असत. आपल्याकडे माणूस शेतात अनवाणी चालतो, जमिनीवर मांडी घालून जेवतो, मशिदीत किंवा मंदिरात पादत्राणे काढून जातो. ही अडचण ओळखून जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचे पाऊल तयार केले. तोच 'जयपूर फूट'. १९७५ मध्ये देवेंद्र राज मेहता यांनी स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय गरजूंना विनामूल्य देते. पुण्यात साधू वासवानी मिशनही कृत्रिम अवयवांची शिबिरे भरवत आले आहे.

धावण्यासाठी मात्र वेगळा पाय लागतो. तो कार्बनच्या धाग्यांपासून बनवलेल्या पात्यासारखा असतो. त्याला टाच नसते. धावपटूचे वजन पडले की पाते स्प्रिंगसारखे वाकते आणि सरळ होताना शरीराला पुढे ढकलते. कारगिलच्या युद्धात १९९९ मध्ये पाय गमावलेले मेजर देवेंदर पाल सिंग पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात नव्या पायावर चालायला शिकले. २००९ मध्ये ते साध्या कृत्रिम पायावर अर्धमॅरेथॉन, म्हणजे सुमारे २१ किलोमीटर धावले. पुढे त्यांना कार्बनचे पाते मिळाले. २०११ मध्ये त्यांनी 'द चॅलेंजिंग वन्स' ही संस्था स्थापन केली. पाय गमावलेल्या इतरांना धीर देऊन धावायला लावणे हे तिचे काम.

न्याय्य स्पर्धा

तुम्ही विचाराल, एकाचा पाय गेलेला, दुसऱ्याचा हात, तिसऱ्याचे दोन्ही पाय लुळे. मग यांची स्पर्धा बरोबरीची कशी होणार? प्रश्न योग्य आहे. कुस्तीत वजनाप्रमाणे गट करतात, तसे येथे हालचालीच्या क्षमतेप्रमाणे गट करतात. प्रत्येक गटाला एक अक्षर आणि एक अंक असतो. मैदानी फेकीच्या प्रकारांसाठी 'एफ', धावण्यासाठी 'टी' आणि जलतरणासाठी 'एस'. खेळाडूची तपासणी करून त्याचा गट ठरवतात.

याची दोन उदाहरणे २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये पाहायला मिळाली. या दोन्ही खेळाडूंचा पुण्याशी संबंध आहे.

पहिले उदाहरण सचिन खिलारी यांचे. ते सांगली जिल्ह्यातील करगणी गावचे. शाळेत असताना सायकलवरून पडून त्यांच्या डाव्या हाताला कायमची इजा झाली. पुढे अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी ते पुण्यात आले. त्यांचा गट 'एफ ४६'. या गटात एका हातात दोष असलेले खेळाडू उभे राहून गोळा फेकतात. पॅरिसला त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण त्यांच्यापासून अवघे ६ सेंटिमीटर दूर राहिले.

दुसरे उदाहरण होकाटो सेमा यांचे. ते नागालँडचे, भारतीय सैन्यातील जवान. २००२ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांची शरीरयष्टी पाहिली आणि त्यांना गोळाफेक करण्यास सुचवले. तेव्हा २०१६ साल होते आणि सेमा बत्तीस वर्षांचे होते. त्यांनी वयाची सबब सांगितली नाही. खडकी येथील सैन्याच्या केंद्रात त्यांनी सराव केला. तेथे २०१७ पासून अपंग जवानांना खेळाचे खास प्रशिक्षण दिले जाऊ लागले होते. सेमा यांचा गट 'एफ ५७'. या गटात खेळाडू जमिनीला घट्ट बांधलेल्या बैठकीवर बसून गोळा फेकतो. ही बैठक ७५ सेंटिमीटरपेक्षा उंच असून चालत नाही. फेकताना बैठकीवरून उठताही येत नाही. पॅरिसला सेमांनी १४.६५ मीटर गोळा फेकून कांस्यपदक मिळवले.

त्या स्पर्धेत भारताला एकूण २९ पदके मिळाली. ७ सुवर्ण, ९ रौप्य आणि १३ कांस्य.

खरी मदत कोणती?

पदके मोजकेच लोक मिळवतात. सर्वांनी पदक मिळवावे असे कोणी म्हणत नाही. परंतु खेळण्याचा हक्क सर्वांचा आहे. १९९५ मध्ये आपल्या देशात अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला. त्याच्या जागी २०१६ मध्ये अधिक व्यापक कायदा आला. पूर्वीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. या कायद्याने खेळाचीही दखल घेतली आहे. अपंग व्यक्तींना खेळात भाग घेता यावा यासाठी सोयी करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे.

कायदा सरकारसाठी झाला. तुम्ही-आम्ही काय करायचे? वरील सर्व उदाहरणे पुन्हा डोळ्यांसमोर आणा. पेटकरांना कोणी तिकीट दिले. कोणा शेतकऱ्याला जयपूर फूट मिळाला. सेमांना कोणी "गोळा फेकून पाहा" असे सांगितले. मदत करणाऱ्याने प्रत्येक वेळी एक अडथळा दूर केला आणि तो बाजूला झाला. त्यापुढचे काम ज्याचे त्याने केले. भुकेल्याला अन्न देणे हे पुण्यकर्म आहेच. पण ज्याच्या अंगात कष्ट करण्याची आणि खेळण्याची ताकद आहे, त्याला केवळ हळहळ देऊन भागत नाही. त्याला जागा द्यावी लागते.

दोरी खाली आली

आता पुन्हा आपल्या शाळेच्या मैदानाकडे येऊ. माहिती जमवताना मला बसून खेळायच्या व्हॉलीबॉलविषयी कळले. हा खेळ १९५६ मध्ये हॉलंडमध्ये सुरू झाला. नेहमीच्या व्हॉलीबॉलचे मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असते. याचे मैदान १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असते. पुरुषांसाठी जाळी १.१५ मीटर आणि स्त्रियांसाठी १.०५ मीटर उंच असते. प्रत्येक संघात सहा खेळाडू. नियम जवळजवळ तेच. फरक एवढाच की चेंडू मारताना शरीर जमिनीवर टेकलेले हवे. उठून मारला तर तो दोष धरतात.

या खेळाला महागडी खुर्ची लागत नाही, कार्बनचे पाते लागत नाही. एक दोरी आणि एक चेंडू पुरतो. पुढच्या शनिवारी मी फक्कीने रेघा आखल्या, दोन खांबांना छातीपेक्षा खाली दोरी बांधली आणि साऱ्या मुलांना खाली बसायला सांगितले. मुले हसू लागली. खेळ सुरू झाल्यावर मात्र त्यांचे हसणे थांबले. बसून पुढे-मागे सरकायचे कसे, हेच कोणाला कळेना. ज्यांचे पाय वाऱ्यासारखे धावत, ते एका जागी अडकून पडले. आमचा तो विद्यार्थी कुबड्या बाजूला ठेवून मैदानात उतरला होता. हातांच्या बळावर शरीर उचलून सरकणे त्याला रोजच्या सवयीचे होते. त्याचे दंडही इतरांपेक्षा बळकट होते. दोरीपाशी तो असा काही चपळाईने सरके की चेंडू त्याच्या हातून सुटत नसे. दुसऱ्या डावाच्या वेळी दोन्ही संघांचे कप्तान त्याला आपल्याकडे ओढू लागले.

तो हरला की जिंकला, हे आता मला आठवत नाही. तास संपल्यावर तो घामाने डबडबला होता आणि पंच चुकला म्हणून एका मुलाशी जोरजोरात भांडत होता, एवढे मात्र नीट आठवते. इतर मुले खेळानंतर जशी भांडतात तसाच.

झाडाखाली दप्तरांचा ढीग पडला होता. त्याच्यापाशी कोणीच नव्हते. एकही दप्तर चोरीला गेले नाही.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'माजूर' हा शब्द कोणत्या शब्दापासून झाला आहे?
(आ) मुरलीकांत पेटकर यांनी सुवर्णपदक कोणत्या वर्षी व कोठे मिळवले?
(इ) 'एफ ५७' गटातील खेळाडू गोळा कसा फेकतो?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाण्यात हालचाल करणे लुळ्या पायांच्या व्यक्तीला सोपे का जाते?
(आ) लेखकाला वही परत देताना संकोच का वाटला?

३. 'खैरात' आणि 'संधी' यांतील फरक पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

४. 'सबब' हा शब्द उर्दूत कोणत्या अर्थाने वापरतात आणि मराठीत कोणत्या अर्थाने? दोन्ही अर्थ दाखवणारी एकेक वाक्ये तयार करा.

५. आपल्या शाळेतील एखादा खेळ सर्वांना खेळता यावा म्हणून त्याच्या नियमांत काय बदल करता येतील, ते दहा ओळींत लिहा.